स्ट्राँगची कॉन्कॉर्डन्स: क्रमांक 3141च्या निमित्ताने

ग्रीक येत नाही, पण नव्या करारातला एखादा शब्द मुळातून समजून घ्यायचा आहे, अशा माणसाने सगळ्यात आधी काय हाती घ्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी अजूनही जेम्स स्ट्राँग यांच्या कॉन्कॉर्डन्सचंच, म्हणजे बायबलमधल्या शब्दांच्या सूचीचंच, नाव घेते. 1890 साली निघालेलं हे जाडजूड पुस्तक आता सर्वांसाठी खुलं आहे. छापील मिळतं, मोबाइलवर फुकट मिळतं, आणि बायबल अभ्यासाच्या कितीतरी साधनांच्या पोटात त्याचेच क्रमांक असतात. तरी त्याचं सरसकट कौतुक करण्यापेक्षा एकच शब्द घेऊन ते कुठवर साथ देतं आणि कुठे हात सोडतं ते सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. शब्द घेतलाय ‘मार्तुरिया’. म्हणजे साक्ष.

हाच का, तर नोकरीची सगळी वर्षं मी न्यायालयात साक्षी उतरवून घेण्यात घालवली. साक्षीदार काय म्हणाला, नेमक्या कोणत्या शब्दांत म्हणाला, उलटतपासणीत कुठे अडखळला, हे कागदावर जसंच्या तसं उमटवणं हे माझं काम. निवृत्तीनंतर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, अभ्यासवर्ग घ्यायला लागले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्द पावलोपावली भेटू लागला आणि मला तो सोडवेना. मंडळीत आपण ‘साक्ष द्या’ म्हणतो तेव्हा देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं, एवढंच डोळ्यांसमोर असतं. योहानाच्या पानांवर मात्र आरोप आहेत, आक्षेप आहेत, साक्षीदारांची नावं पुकारली जातात. तिथे खटला चालू आहे.

आधी हे साधन चालतं कसं ते थोडक्यात. स्ट्राँग यांनी बायबलच्या किंग जेम्स नावाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातला शब्दन् शब्द अकारविल्हे लावला आणि तो कुठल्या कुठल्या वचनात येतो ते एकेका ओळीत छापलं. अगदी किरकोळ शब्द तेवढे शेवटच्या पुरवणीत टाकले. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक क्रमांक. तो क्रमांक घेऊन मागच्या हिब्रू किंवा ग्रीक कोशात जायचं, की मूळ शब्द, त्याचा उच्चार, त्याची व्युत्पत्ती आणि थोडक्यात अर्थ मिळतो. ग्रीक क्रमांक 5624 पर्यंत जातात. मधले काही क्रमांक रिकामेच आहेत, त्यामुळे एखादा सापडला नाही तर आपली प्रत अर्धवट आहे असं समजू नका. छापील पुस्तकात हिब्रूचे क्रमांक सरळ ठशात आणि ग्रीकचे तिरप्या ठशात असतात. ही बारीकशी सोय आहे, पण तिने माझा कितीतरी वेळ वाचवला आहे.

आता आपला शब्द. मार्तुरिया 3141. शेजारी मार्तुरेओ, म्हणजे साक्ष देणे, 3140. मार्तुरिऑन, म्हणजे पुरावा म्हणून उभी राहणारी गोष्ट, 3142. आणि मार्तुस, म्हणजे साक्षीदार, 3144. ग्रीक वर्णक्रमामुळे हे कुटुंब एकाच ठिकाणी नांदतं.

मार्तुरिया नव्या करारात 37 वेळा येतो. त्यातले 14 योहानाच्या शुभवर्तमानात, 7 योहानाच्या पत्रांत आणि 9 प्रकटीकरणात. म्हणजे 37 पैकी 30 योहानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिखाणात. मत्तयात एकदाही नाही. नुसती ही मांडणी डोळ्यांसमोर आली तरी योहान काय करतोय ते उमगायला लागतं. मार्कात हा शब्द तीनदाच आहे, आणि तिन्ही वेळा येशूला मुख्य याजकापुढे उभं केलेल्या त्या रात्रीत.

किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी हा एकच शब्द चार इंग्रजी शब्दांत वाटला आहे. 15 वेळा ‘विटनेस’, 14 वेळा ‘टेस्टिमनी’, 7 वेळा ‘रेकॉर्ड’ आणि एकदा ‘रिपोर्ट’. इंग्रजी वाचणाऱ्याला हे चार निरनिराळे शब्द वाटतात. कॉन्कॉर्डन्समध्येही ते चार निरनिराळ्या जागी, शेकडो पानांच्या अंतराने छापलेले आहेत. पण चारही ठिकाणी टोकाला 3141 उभा असतो. स्ट्राँग यांचं खरं मोठेपण मला इथे दिसतं.

हे एका ठिकाणी जवळून बघू. योहान 5:31 मध्ये येशू म्हणतो की मी स्वतःविषयी साक्ष दिली तर माझी साक्ष खरी नाही. किंग जेम्समध्ये तिथे ‘विटनेस’ आहे. तीन अध्याय पुढे, 8:13 मध्ये परूशी नेमका हाच आक्षेप त्याच्या तोंडावर फेकतात: तू स्वतःविषयी साक्ष देतोस, तुझी साक्ष खरी नाही. आणि 8:14 मध्ये तो उत्तर देतो की मी स्वतःविषयी साक्ष देत असलो तरी माझी साक्ष खरी आहे. या दोन वचनांत इंग्रजी शब्द आहे ‘रेकॉर्ड’. पुढे 8:17 मध्ये दोघा माणसांची साक्ष खरी असते या नियमशास्त्रातल्या तत्त्वाचा दाखला येतो, तर तिथे ‘टेस्टिमनी’. इंग्रजीतून वाचणाऱ्याला हा एकाच मुद्द्यावर चाललेला वाद आहे हे कळावं कसं? 3141 हा क्रमांक 5:31 लाही आहे, 8:13 लाही, 8:14 लाही आणि 8:17 लाही. क्रमांक एकाखाली एक लिहून काढले, की पाचव्या अध्यायातलं विधान आणि आठव्या अध्यायातला आक्षेप समोरासमोर येतात आणि ‘आधी खरी नाही म्हणाला, आता खरी आहे म्हणतो’ हा प्रश्न टाळता येत नाही.

तो टाळूही नये. स्वतःच्या बाजूने स्वतःच दिलेल्या साक्षीवर निवाडा होत नाही, हे न्यायासनासमोर वावरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या नियमसंग्रहातही हे तत्त्व आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 19:15 दोघा-तिघा साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबित व्हावी असं सांगतं. पाचव्या अध्यायात येशू ही चौकट मान्य करून बोलतो आणि एकेक साक्षीदार पुढे आणतो: बाप्तिस्मा करणारा योहान, मग स्वतः करत असलेली कार्ये, मग पिता, मग शास्त्रलेख. शेवटी तर मोशेच विरोधकांवर आरोप ठेवणारा म्हणून उभा राहतो. आठव्या अध्यायात तो म्हणतो की मी कुठून आलो आणि कुठे जातो हे मला ठाऊक आहे, आणि माझ्याबरोबर मला पाठवणारा पिताही साक्ष देतो. म्हणजे दोन साक्षीदारांची अट तो तिथेही सोडत नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते. विश्वासाला पुराव्याची भीती वाटत नाही असं मी नुसतं ऐकत आले होते. इथे ते चौकशीच्या भाषेत लिहिलेलं आहे.

दुसरी जागा मार्क 14:55 ते 63. येशूला मरणदंड द्यायला मुख्य याजक साक्ष शोधतात, बरेच जण खोटी साक्ष देतात, पण त्यांच्या साक्षींचा मेळ बसत नाही. मार्कने तिथे वापरलेला ग्रीक शब्द ‘समान’ या अर्थाचा आहे. दोन जबान्या शेजारी ठेवून ताडून बघणं, ते हेच. इथे स्ट्राँग यांची एक अडचण लक्षात येते. या लहानशा प्रसंगात साक्षीच्या कुटुंबाचे चार वेगवेगळे क्रमांक आहेत: साक्ष 3141, खोटी साक्ष देणे 5576, विरुद्ध साक्ष देणे 2649 आणि शेवटी ‘आपल्याला आणखी साक्षीदारांची काय गरज’ यातला साक्षीदार 3144. ग्रीक येणाऱ्याला चारही शब्दांत ‘मार्तु’ ऐकू येतं. क्रमांकांवर विसंबणाऱ्याला 5576 आणि 3141 यांचं नातं दिसत नाही, कारण उपसर्ग लागला की शब्द कोशात दुसरीकडे जातो. प्रत्येक नोंदीत ‘अमुक क्रमांकापासून’ असं दिलेलं असतं खरं, पण ते उलट्या दिशेने शोधता येत नाही. 3144 उघडल्यावर त्याच्यापासून निघालेल्या सगळ्या शब्दांची यादी मिळत नाही. मी ती हाताने लिहून पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर चिकटवली आहे. तुम्हीही तसंच करा, एरवी अर्धा शब्दच अभ्यासला जाईल.

आता 3144, म्हणजे मार्तुस. किंग जेम्समध्ये याचं भाषांतर बहुतेक जागी ‘विटनेस’ आहे, दोनदा ‘रेकॉर्ड’, आणि फक्त तीनदा ‘मार्टर’. ‘मार्टर’ असलेल्या त्या तीन जागा म्हणजे प्रेषितांची कृत्ये 22:20, प्रकटीकरण 2:13 आणि 17:6. या तीन ओळी कॉन्कॉर्डन्समध्ये एकत्र सापडल्या तेव्हा मी प्रत्येक वचन उघडून त्याच क्रमांकाच्या इतर जागांशी ताडून पाहिलं. वर्गात सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली.

कृत्ये 7:58 मध्ये स्तेफनाला दगडमार करणारे साक्षीदार आपली वस्त्रं शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवतात. वस्त्रं का काढून ठेवली? कारण अनुवाद 17:7 नुसार मरणदंड देताना पहिला हात साक्षीदारांचा पडला पाहिजे. ज्याच्या शब्दावर माणसाचा जीव जाणार, त्यानेच पहिला दगड उचलायचा. या साक्षीदारांसाठी शब्द मार्तुस, 3144. पुढे तोच शौल, आता पौल झालेला, 22:20 मध्ये प्रार्थनेत म्हणतो की तुझा साक्षी स्तेफन याचं रक्त पाडलं जात होतं तेव्हा मी जवळ उभा होतो. तिथेही 3144. इंग्रजीत पहिल्या जागी ‘विटनेस’ आणि दुसऱ्या जागी ‘मार्टर’, म्हणून हे कधी लक्षातच येत नाही. कृत्ये लिहिणाऱ्या लूकने एकाच मृत्यूभोवती तो शब्द दोन्ही बाजूंना ठेवला आहे: दगड मारणारेही साक्षीदार आणि मरणाराही साक्षीदार. त्या दिवशीच्या निकालात मात्र फक्त एका बाजूची साक्ष नोंदली गेली.

असंच प्रकटीकरणात. 1:5 मध्ये येशू ख्रिस्त हा ‘विश्वासू साक्षी’ आहे. 2:13 मध्ये पर्गमातला अंतिपा, जो जिवे मारला गेला, त्याला येशू ‘माझा साक्षी, माझा विश्वासू’ म्हणतो. शब्द तेच, 3144 आणि ‘विश्वासू’साठी 4103. येशूची जी पदवी पहिल्या अध्यायात आहे, ती दुसऱ्या अध्यायात तो आपल्या माणसाला देतो. किंग जेम्सने पहिल्याला ‘विटनेस’ आणि दुसऱ्याला ‘मार्टर’ म्हटलं, आणि पदवीतलं साम्य पुसलं गेलं. मरण हा त्या शब्दाचा मूळ अर्थ नाही. पाहिलेलं आणि खरं मानलेलं सांगत राहिल्यामुळे मरण ओढवलं, आणि पुढे तशा मरणालाच तो शब्द चिकटला. दुसऱ्या शतकात पॉलिकार्प या बिशपच्या मृत्यूच्या वृत्तांतापर्यंत तो अर्थ चांगलाच रूढ झालेला दिसतो. आपल्याकडे ‘रक्तसाक्षी’ शब्द आहे. त्यात साक्ष शाबूत राहिली आहे, याचं मला समाधान वाटतं.

इथपर्यंत स्ट्राँग यांचे आभारच. पण कोशातली नोंद उघडली की मला थांबावं लागतं. 3141 ची नोंद एका ओळीची आहे: 3144 पासून, दिलेला पुरावा, न्यायालयीन किंवा सर्वसाधारण अर्थाने, आणि पुढे त्या चार इंग्रजी शब्दांची यादी. यातली यादी म्हणजे अर्थ नव्हे. किंग जेम्सने कुठे ना कुठे वापरलेले ते प्रतिशब्द आहेत. यातला आपल्याला आवडणारा कोणताही शब्द उचलून कुठल्याही वचनात बसवायचा, हा प्रकार प्रवचनांतून इतका चालतो की तो ऐकताना मला त्रास होतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 3:7 मध्ये, मंडळीच्या अध्यक्षाविषयी बाहेरच्यांची मार्तुरिया चांगली असावी असं म्हटलंय. तिथे तो नावलौकिकाकडे झुकतो. तो अर्थ योहान 19:35 मध्ये, जिथे ज्याने भाल्याची जखम पाहिली त्याने साक्ष दिली आहे, नेऊन ठेवला तर सगळंच बिघडेल.

डिजिटल प्रतींबद्दल तर इशाराच द्यायला हवा. छापील नोंदीत ‘सर्वसाधारणपणे’ (generally) या अर्थी ‘gen.’ असा संक्षेप आहे. बऱ्याच डिजिटल प्रती बनवताना संक्षेप उलगडले गेले, आणि इथे तो ‘षष्ठी विभक्ती’ (genitive) असा उलगडला गेला. त्यामुळे त्या प्रतींत मार्तुरियाचा अर्थ ‘न्यायालयीन किंवा षष्ठी विभक्तीतला पुरावा’ असा दिसतो. 3144 लाही तेच झालंय. मी हे एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे, आणि त्या विभक्तीवरून गूढ अर्थ काढणारी माणसंही ऐकली आहेत. तेव्हा मोबाइलवर नवीन साधन घेतलंत की 3141 उघडून बघा. तिथे षष्ठी दिसली तर त्या साधनातल्या बाकीच्या नोंदीही छापील प्रतीशी ताडून मगच वापरा.

खरी षष्ठी जिथे अडवते, तिथे स्ट्राँग काहीच मदत करू शकत नाहीत. प्रकटीकरण 19:10: येशूची साक्ष हा संदेशाचा आत्मा आहे. ‘येशूची साक्ष’ म्हणजे येशूने दिलेली, की येशूविषयी दिलेली? ग्रीकमध्ये दोन्ही अर्थ निघतात, मराठीतही निघतात. 1:2, 1:9, 12:17, 20:4 या जागांवरही तोच प्रश्न आहे. क्रमांकाला विभक्ती कळत नाही, काळ कळत नाही, वचन कळत नाही. तो फक्त शब्दाचं मूळ रूप दाखवतो. माझं स्वतःचं मत असं की पहिल्या अध्यायातल्या ‘विश्वासू साक्षी’मुळे येशूने दिलेली साक्ष हा अर्थ आधी धरावा आणि त्याच्या लोकांची साक्ष त्यातून पुढे चालते असं वाचावं. पण हे मी संदर्भावरून म्हणते. कॉन्कॉर्डन्स इथे गप्प आहे.

आणखी एका ठिकाणी हे मौन जास्त खटकतं. योहानाच्या पहिल्या पत्रात, 5:7 मध्ये, स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, असा मजकूर किंग जेम्समध्ये आहे. तो जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या 1516 आणि 1519 च्या आवृत्त्यांत नव्हता, 1522 मध्ये आला. स्ट्राँगमध्ये ही ओळ ‘रेकॉर्ड’खाली इतर ओळींसारखीच, 3140 घेऊन उभी आहे. तिच्या साक्षीबद्दलच शंका आहे हे सांगणारी एक खूणही नाही. स्ट्राँग यांनी किंग जेम्सची सूची बनवली, म्हणून ती ओळ तिथे असणारच, हे मान्य. पण वापरणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे.

मार्तुस या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मात्र स्ट्राँग यांनी सरळ लिहिलंय की त्याचं नातं अनिश्चित आहे. हा प्रामाणिकपणा मला भावतो. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध आपल्या ‘स्मर’शी, स्मरणाशी जोडतात. जे आठवतं ते सांगणारा तो साक्षी, ही कल्पना सुंदर आहे, पण त्यावर एकमत नाही, म्हणून वर्गात मी ती सांगते तेव्हा तसं बजावूनच सांगते.

छापील की डिजिटल, हा प्रश्न सगळेच विचारतात. शोधायला डिजिटल सोपं, यात वाद नाही. क्रमांकावर बोट ठेवलं की 37 जागा एका झटक्यात समोर. छापील प्रतीत क्रमांकावरून उलट जाता येत नाही. चार इंग्रजी शब्द चार ठिकाणी उघडावे लागतात, कागद पातळ, अक्षर बारीक, चष्म्याशिवाय शक्यच नाही. तरीही पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी छापील प्रतीवर बसवते. चार जागी शोधून हाताने यादी केली की भाषांतराने शब्दाचं काय केलं ते पक्कं लक्षात राहतं.

कुणी घ्यावी? अभ्यासवर्ग घेणाऱ्याने, प्रवचन करणाऱ्याने, आणि ‘मुळात काय शब्द आहे’ हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही त्याने जरूर घ्यावी. फक्त अर्थ हवा असेल तर चांगला ग्रीक कोश वेगळा घ्या. कारण मार्तुरिया आणि मार्तुरिऑन यांच्यातला फरक, म्हणजे दिलेली साक्ष आणि पुरावा म्हणून उरलेली वस्तू किंवा कृती, हा स्ट्राँगमध्ये जेमतेम कळतो. मार्क 1:44 मध्ये बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याने याजकाकडे जाऊन अर्पण करायचं ते ‘त्यांना साक्ष म्हणून’, आणि याकोब 5:3 मध्ये श्रीमंतांच्या सोन्यावरचा गंज त्यांच्याविरुद्ध साक्ष होतो. तिथे कुणी बोलत नाही, वस्तूच बोलतात. तो शब्द 3142 आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो एकदाही नाही. योहानाला बोलणारा साक्षीदार हवा असतो.

पहिला धडा म्हणून योहानाच्या पहिल्या पत्रातली 5:9 ते 11 ही तीन वचनं घ्या. किंग जेम्समध्ये तिथे ‘विटनेस’ चार वेळा आणि ‘रेकॉर्ड’ दोन वेळा येतो, आणि सहाही ठिकाणी मूळ शब्द 3141 आहे. सहा जागी पेन्सिलने क्रमांक लिहा, मग मराठीत सहाही जागी ‘साक्ष’ घालून ती वचनं मोठ्याने वाचा.